लीगलचा मेल आला "सगळा डेटा द्या", आता आयटीने काय करायचं

कंपनीची कोर्टात केस उभी राहिली की लीगलचा, म्हणजे कंपनीच्या कायदा विभागाचा, असा मेल येतो आणि आपण लगेच एक्स्पोर्ट लावायला बसतो. थांबा जरा. आधी डिलीट होणं थांबवायचं, काढून द्यायचं नंतर बघू.

म्हणजे ज्यांची नावं आलीयत त्यांच्या मेलबॉक्सवर होल्ड (म्हणजे त्यातलं काहीच कायमचं डिलीट होऊ न देणं), चॅटचं ऑटो-डिलीट बंद, आणि हमखास राहून जातं ते म्हणजे नोकरी सोडून गेलेल्यांची अकाउंट्स आणि फॉरमॅटसाठी रांगेत पडलेले लॅपटॉप. आमच्याकडे एकदा हेल्पडेस्कच्या पोराने असाच एक लॅपटॉप नेहमीसारखा वाइप करून नव्या माणसाला देऊन टाकला, त्याची काय चूक, होल्डचा मेल त्याच्यापर्यंत गेलाच नव्हता, पण खुलासा लिहीत दोन दिवस मी बसलो. तेव्हापासून पहिला फोन हेल्पडेस्कला.

मग लीगलशी भांडा, म्हणजे नीट बोला :) कोणाकोणाचा डेटा, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत, कीवर्ड कुठले, हे लेखी घ्या. "सगळं" हे उत्तर चालवून घेऊ नका, कारण तुम्ही काढलेला प्रत्येक जीबी पुढे कोणीतरी पैसे घेऊन वाचणार असतो. अमेरिकेतली केस असेल तर तिथल्या फेडरल नियमांत 2006 पासून सोय आहे, की अवाजवी खर्च किंवा त्रास होणार असेल तर सहज हाती न येणारा डेटा देणं नाकारता येतं, जुन्या बॅकअप टेप्स बहुतेक वेळा यातच बसवतात. पण कोर्टात हे पटवायला वकिलांना आकडे लागतात आणि ते तुमच्याकडेच असतात: टेप किती, एक रिस्टोअर करायला किती तास, आणि मुळात ती वाचणारा ड्राइव्ह अजून चालतो का. देत नाही म्हणून टेप पुसून मात्र टाकायची नाही!

कॉपी करताना विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये ड्रॅग करू नका, फाइलची क्रिएटेड डेट आजची होऊन बसते. रोबोकॉपी (विंडोजमधली कॉपी करायची कमांड) वापरा, ते फाइलच्या तारखा जपतं, फोल्डरच्या तारखांसाठी मात्र कमांडमध्ये वेगळा स्विच द्यावा लागतो. कॉपीच्या आधी आणि नंतर एसएचए-256 हॅश (फाइलच्या आतल्या मजकुरावरून निघणारा, तिच्या बोटाच्या ठशासारखा कोड) काढून जुळवा, आणि कोणी, कधी, कुठल्या मशीनवरून घेतलं ते तेव्हाच्या तेव्हा लिहून ठेवा, नंतर आठवत नाही.

केस संपली की होल्ड काढायचं लीगल स्वतःहून कधीच सांगत नाही. दर तीन महिन्यांनी विचारा, उत्तर लेखी आल्याशिवाय हात लावू नका.