सहाव्या वर्षाची दाढ नीट बघा

इंदूरच्या सरकारी शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, पण एकेका मुलाला वेळ थोडाच मिळतो. म्हणून दात आधी घरीच बघून ठेवा. मुलाला उजेडाकडे तोंड करून बसवा, वरचा ओठ उचला, मोबाइलचा टॉर्च मारा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर कीड नुकती सुरू झालीय. ती फ्लोराइडने थांबू शकते. खड्डा पडला की मात्र दवाखानाच.

सगळ्यात फसवी ती सहाव्या वर्षाची दाढ. दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता गुपचूप येते. ‘दुधाचीच आहे, पडेल’ म्हणून घरचे सोडून देतात आणि कायमची दाढ किडते. तिच्या खाचा खोल; सकाळच्या पोहे-जिलबीतली जिलबी नेमकी तिथेच चिकटते. दाढ पूर्ण वर आली की दातांच्या डॉक्टरांकडून खाचा सीलंटने, म्हणजे संरक्षक लेपाने, बुजवून घ्या.

पेस्ट १००० पीपीएम (दर दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. रात्री घासल्यावर फेस थुंकायचा, खळखळून चूळ भरायची नाही, नाहीतर फ्लोराइड धुऊन जातं.

पथकाने पुढच्या उपचारासाठी चिठ्ठी दिली तर ती दप्तरातच चुरगळते, त्याच दिवशी काढून घ्या. उपचारासाठी शहरात शासकीय दंत महाविद्यालयही आहे.