माडाच्या आळ्यात आच्छादन: चैत्रात नको, हस्त ओसरताच

हस्ताचा पाऊस ओसरला की कोकणात घरटी सगळी माणसे भातकापणीला लागतात आणि माडांची आळी उघडीच राहतात. मार्चमध्ये ऊन तापले की आळ्यात आच्छादनाचा पाचोळा टाकला जातो, पण तोवर वरच्या फूटभर थरातली ओल उडालेली असते. आच्छादनाने असलेली ओल टिकते, गेलेली परत येत नाही. म्हणून मूठभर माती दाबली तर तिचा गोळा होतो आहे, तोवर, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, हे काम उरकावे. कापणीतून दोन दिवस काढायला लागले तरी चालतील.

माडाला पाण्याचा ताण पडला की आधी कोवळी बोंडे गळतात. नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, उमलल्यापासून नारळ पिकायला बारा महिने लागतात, आणि ती पोय त्याच्याही बरीच आधी शेंड्याच्या आत धरलेली असते. त्यामुळे एका उन्हाळ्याचा फटका पुढची दोन-तीन वर्षे पेंडीतल्या नारळांच्या संख्येत दिसतो. यंदा नारळ कमी का आले, याचे उत्तर बऱ्याचदा दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये असते.

मोठ्या माडाचे आळे बुंध्यापासून १.८ मीटर त्रिज्येचे धरा. माडाची बहुतेक मुळे साधारण याच घेरात असतात. आधी तण काढून घ्या आणि ऑक्टोबरचा खताचा हप्ता द्या. वर्षाला सव्वादोन किलो युरिया आणि दोन किलो पोटॅश तीन हप्त्यांत देत असाल, तर या वेळी पाऊण किलो युरिया आणि साधारण ६७० ग्रॅम पोटॅश. खत मातीत हलके मिसळा आणि मग झाका. आच्छादनावर फेकलेला युरिया बराचसा हवेत उडून जातो.

झाकायला सर्वात सोपे म्हणजे माडाचीच चुडते, म्हणजे वाळून गळलेल्या झावळ्या. वर्षाला एका माडाची बारा-चौदा गळतात आणि एका आळ्याला पंधरा पुरतात, त्यामुळे बागेबाहेरून फारसे काही आणावे लागत नाही. प्रत्येक चुडताचे दोन-तीन तुकडे करा. जाड देठ बाजूला काढा, त्याने पाला जमिनीला टेकत नाही आणि खालून वारा खेळतो. आच्छादनासाठी हिरवी झावळी मात्र तोडू नका. ती माडाचे अन्न करते, तिच्या बदल्यात मिळालेली ओल परवडत नाही.

सोडणे, म्हणजे नारळाची सोललेली साले, असतील तर उत्तम. माडामागे शंभर सोडणे पाठ वर करून, म्हणजे पालथी मांडा. उताणी ठेवली तर अवकाळी पावसाचे पाणी त्यांत साचते आणि डास होतात. शंभरांनी एवढे आळे पूर्ण झाकत नाही, मधल्या फटी पाल्याने भरा. काथ्याचा भुसा मिळत असेल तर दहा सेंटिमीटर थर पुरे, पण तो भिजवून टाका आणि वर चुडते ठेवा, नाहीतर खाऱ्या वाऱ्याने शेजाऱ्याच्या बागेत जातो. कच्चा भुसा मातीत कालवू नका. कुजताना तो मातीतले नत्र ओढून घेतो आणि पाने पिवळी पडतात. कुंपणाच्या गिरीपुष्पाचा पाला नत्राला चांगला, पण काही आठवड्यांतच कुजून जातो. तो खाली आणि चुडते वर, असा क्रम ठेवा. भाताचा पेंढा गुरांनाच राहू दे.

सोडणे पुरायची असतील तर ते वेगळे काम, मे महिन्यातले. बुंध्यापासून दीड मीटरवर ३० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल गोल चर काढून त्यात शंभर सोडणे उताणी रचतात, म्हणजे पावसाचे पाणी ती धरून ठेवतात. पुळणीच्या रेताड जमिनीत याचा सर्वात जास्त उपयोग होतो. चर खणताना मुळे तुटतात, म्हणून अर्धा गोल यंदा आणि अर्धा पुढच्या वर्षी. पाणी तुंबणाऱ्या जागी पुरू नका.

बुंध्याभोवती वीतभर-सव्वा वीत जागा मोकळी सोडा. पाला खोडाला टेकला की ओल धरते आणि वाळवी थेट चढते. लहान रोपांना हा धोका जास्त. त्यांचा कोंब व मान कधीही झाकू नका, आणि पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत नैऋत्येकडून झापाची सावली करा.

माडाचा शेंडा पोखरणाऱ्या गेंड्या भुंग्याकडे लक्ष हवे. त्याची मादी कुजलेल्या शेणखतात आणि मेलेल्या माडाच्या खोडात अंडी घालते. कोरड्या चुडतांत ती सहसा जात नाही. म्हणून शेणखत आच्छादनाखाली ढीग करून ठेवू नका, मातीत मिसळा. जुन्या माडाचे ओंडके आळ्याला कडा म्हणून लावायची पद्धत काही बागांत दिसते. ती बंद करावी, ती भुंग्याची नर्सरीच आहे. अधूनमधून पाला उकरून पाहा आणि इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या पांढऱ्या अळ्या दिसल्या तर वेचून मारा.

जानेवारीत आच्छादनाखाली हात घालून पाहा. पाल्याला चिकटून पांढरी, कोवळी मुळे वर आलेली दिसतील. फेब्रुवारीच्या खताच्या हप्त्यासाठी पाला पूर्ण ओढून काढला, तर हीच मुळे दुपारपर्यंत सुकतात. एका बाजूचा पाला सरकवा, खत द्या, पाणी द्या आणि लगेच झाका, मग दुसरी बाजू. ठिबक असेल तर तोट्या पाल्याखालीच राहू द्या. मोठ्या माडाला हिवाळ्यात दिवसाला ३० लिटर, उन्हाळ्यात ४० लिटर पाणी धरतात. आच्छादन आहे म्हणून पाणी एकदम तोडू नका. वीतभर खोलची माती हातात घेऊन पाहा आणि मगच पाळी लांबवा.

राहिला वणवा. सोडण पेटले की आतून दिवसेंदिवस धुमसते आणि वरून कळतही नाही. डिसेंबर संपायच्या आत कुंपणालगतचा तीन मीटर पट्टा गवत काढून साफ ठेवा, आणि बाहेरच्या रांगेतल्या आळ्यांवर मूठ-मूठ माती टाका, त्याने वाऱ्यानेही पाला हलत नाही. मृगाआधी पाला जाळू नका. उरलेला आळ्यातच पसरून ठेवा, पावसात तो कुजून खत होईल.