मूडलवर गृहपाठ चढेना, तेव्हा काय केलं

खानापूर तालुक्यातल्या एका कॉलेजात मुलं वहीच्या पानांचे फोटो काढून मूडलवर, म्हणजे कॉलेजच्या ऑनलाइन अभ्यासाच्या प्रणालीवर, गृहपाठ पाठवत, एकेक फोटो चार-पाच एमबीचा. फाइल चढेना की सगळे म्हणत, 'जागा संपली.' पण मर्यादा एकच नसते, साठ्याची आणि एका फाइलच्या आकाराची वेगळी तपासा.

खासगी फाइलींना (खात्यात स्वतःसाठी ठेवलेल्या) प्रत्येक खात्याला मुळात १०० एमबी मिळतात. तो आकडा अ‍ॅडमिनच्या सुरक्षा सेटिंगमध्ये बदलतो. एका फाइलच्या आकाराची वरची हद्द मात्र पीएचपी (मूडल ज्या भाषेत चालतं ती) ठरवते. आम्ही अपलोड मर्यादा २० एमबी केली, तरी फाइल चढेना, कारण पोस्टची, म्हणजे एका वेळी पाठवलेल्या सगळ्या माहितीची, मर्यादा ८ वरच होती. ती नेहमी अपलोडपेक्षा मोठी हवी. २५ केली, सर्व्हर रीस्टार्ट केला, काम झालं.

डिस्क भरली होती ती जुन्या बॅकअपमुळे. पुसल्यावर जागा लगेच सुटत नाही: पुसलेली फाइल आधी कचऱ्याच्या फोल्डरमध्ये जाते, आणि पुसलेला कोर्स किंवा उपक्रम रिसायकल बिन मुळात ७ दिवस धरून ठेवतो; पुढची सफाई क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) करतो. क्रॉन बंद असेल तर काहीच हलत नाही, म्हणून आधी तोच बघा.

आणि कृपा करून 'फाइलडिर'मधलं (सर्व्हरवरचं मूडलच्या फाइलींचं फोल्डर) काही हातानं पुसू नका. एकसारखी फाइल तिथे एकदाच साठते. एक पुसली की ती वापरणाऱ्या चार कोर्समधूनही नाहीशी होऊ शकते.