जवळच्या कुणी लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर काय करायचं, आणि कायदा काय म्हणतो

मैत्रिणीने, बहिणीने, ऑफिसमधल्या कुणी एक दिवस सांगितलं की माझ्याबरोबर असं असं झालं, तर आपल्या तोंडून पहिलं काय निघतं? बहुतेक वेळा "मग तू ओरडली का नाहीस?" नाहीतर "तेव्हाच का नाही बोललीस?" हे दोन प्रश्न आधी गिळून टाका, बाकीचं नंतर बघू. कायद्यानेही ते सोडलेत, आपण अजून धरून बसलोय.

अर्थात कायद्यालाही वेळ लागलाच. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याची केस झाली आणि पुढे सुप्रीम कोर्टाने अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं दिसत नाही असं म्हणून दोघा पोलिसांना सोडून दिलं. त्यावर कायद्याच्या चार प्राध्यापकांनी कोर्टाला खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. २०१३ मध्ये तर स्पष्टच लिहिलं गेलं की तिने अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तिच्या कलम ६३ मध्येही हेच आहे, संमती म्हणजे शब्दांनी किंवा हावभावाने दिलेला स्पष्ट, स्वेच्छेचा होकार, गप्प बसणं म्हणजे होकार नाही.

आणि गप्प का बसते माणूस? भीतीने शरीर गोठतं. हात हलत नाही, आवाज फुटत नाही, डोकं "हे माझ्याबरोबर होतच नाहीये" म्हणतं. ते तिने ठरवून केलेलं नसतं. आठवणही अशा वेळी तुकड्यातुकड्यात साठते, भिंतीचा रंग लख्ख आठवतो पण आधी काय झालं नंतर काय झालं ते गोंधळतं, आणि मग ऐकणाऱ्याला वाटतं ही बनवून सांगतेय. म्हणून उलटतपासणी करू नका. जेवढं सांगते तेवढं ऐका, "तुझी चूक नाही" म्हणा आणि पुढे काय करायचं ते तिलाच ठरवू द्या, कारण तिच्या मनाविरुद्ध एकदा झालंय, आता आपणही तिच्या वतीने धावत सुटलो तर तेच पुन्हा होतं.

घटना ताजी असेल तर मात्र घड्याळ बघा. गर्भधारणा टाळायची गोळी आणि एचआयव्ही होऊ नये म्हणून द्यायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली. शक्य असेल तर अंघोळ थांबवा, कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा (प्लास्टिकमध्ये ओल धरते), पण अंघोळ केली असेल तरी मेडिकल होतं, घाबरू नका. हॉस्पिटल सरकारी असो की खाजगी, उपचार फुकट आणि ताबडतोब करायचे असा कायदा आहे, आधी एफआयआर आणा असं सांगता येत नाही. हॉस्पिटल पोलिसांना कळवतं, ते त्यांना करावंच लागतं, हे तिला आधीच सांगून ठेवा म्हणजे दारात खाकी वर्दी बघून दचकणार नाही. मेडिकल तिच्या संमतीनेच होतं. आणि ती घाणेरडी 'टू फिंगर टेस्ट' (योनीत बोटं घालून तपासणं) कुणी करू पाहिली तर सरळ नाही म्हणा, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये ती करणाऱ्यालाच गैरवर्तनाबद्दल दोषी धरायला सांगितलंय.

पोलीस स्टेशनला "हे आमच्या हद्दीत येत नाही" ऐकायला मिळालं तर झीरो एफआयआर म्हणा. कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, नंतर ते पुढे पाठवतात. जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो, एफआयआरची कॉपी फुकट मिळते, आणि अशा गुन्ह्यात एफआयआर घ्यायला नकार देणाऱ्या पोलिसाला स्वतःलाच न्याय संहितेच्या कलम १९९ खाली शिक्षा होऊ शकते. हे वाक्य शांतपणे उच्चारलं तरी बऱ्याचदा काम होतं. उशीर झालाय म्हणून मागे हटू नका, तेवढ्या एका कारणावरून केस पडत नाही असं सुप्रीम कोर्ट १९९६ पासून सांगतंय.

कलमं पाठ करायची गरज नाही, पण 'एवढंसं तर झालं' असंही समजू नका. विनयभंग ७४, लैंगिक छळ ७५, चोरून बघणं किंवा शूट करणं ७७, पाठलाग ७८, त्यात ऑनलाइन मागे लागणंही आलं. बलात्काराला किमान १० वर्षं. भोकंही आहेत, मला ती अजिबात पटत नाहीत: नवऱ्याने बायकोवर केलेला बलात्कार अजून या व्याख्येच्या बाहेर आहे (ती १८ च्या वर असेल तर), आणि सज्ञान पुरुषावर झाला तर त्यासाठी कलमच नाही.

१८ च्या आतलं मूल असेल, मुलगा असो की मुलगी, तर पॉक्सो लागतो, २०१२ चा कायदा. तिथे संमतीचा विषयच नाही, आणि तुम्हाला कळलं असेल तर पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे, घरच्या घरी मिटवू म्हणता येत नाही. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. मोठ्यांसाठी ११२ किंवा महिला हेल्पलाइन १८१.

नंतरचे महिने जास्त अवघड जातात. आधी सगळं ठीक वाटतं, ती हसतेही, आणि मग कुठलातरी वास, एखादं गाणं, मागून पडलेला हात, एवढ्यावरून ती त्या दिवशी जाऊन पोचते. झोप जाते, चिडचिड होते, नवऱ्याचा स्पर्शही नको होतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर देऊन ठेवा, पण लगेच फोन कर म्हणून मागे लागू नका.

आणि नाव कुठेही जाऊ देऊ नका. फॅमिली ग्रुपवर "आपल्या अमक्याच्या मुलीबरोबर" एवढं टाकलं तरी ओळख फुटते, आणि पीडितेची ओळख उघड करणं हा कलम ७२ खाली गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत शिक्षा. टाकलं असेल तर आत्ताच डिलीट करा.