एटिझोलामची चिठ्ठी हातात पडली तर

म्हापशाच्या बाजाराजवळ एका फार्मसीत मी काउंटर सांभाळते. शुक्रवारी पेडणे, डिचोलीकडची माणसं बाजार आटोपून औषधं न्यायला येतात. त्यांच्या चिठ्ठ्यांत एटिझोलाम, म्हणजे घबराट आणि झोप न येण्यावरची गोळी, हे नाव आता नवं राहिलेलं नाही, तरी घरच्यांना ते ओळखीचं नसतं. अल्प्राझोलाम ही तशीच गोळी म्हटली की मुलगा लगेच विचारतो, "आईला सवय तर लागणार नाही ना?" एटिझोलामबद्दल कुणी काही विचारत नाही. नाव ऐकलेलं नाही म्हणजे गोळी हलकी असणार, असं लोक धरून चालतात. ती हलकी नाही.

पहिलं काम म्हणजे पट्टी उलटी करून बारीक अक्षर वाचा. मोठ्या अक्षरांत असतं ते ब्रँडचं नाव, औषधाचं नव्हे. गोळी ०.२५, ०.५ आणि १ मिलिग्रॅममध्ये येते, म्हणजे सारख्याच दिसणाऱ्या दोन पट्ट्यांत चौपट फरक असू शकतो. शिवाय काही गोळ्यांत ती एकटी नसते. जोडीला एसिटालोप्राम हे उदासीवरचं औषध असतं, नाहीतर छातीची धडधड कमी करणारं प्रोप्रानोलोल. दमा असलेल्या माणसाला प्रोप्रानोलोल चालत नाही. दोन डॉक्टर चालू असतील तर एकाच्या चिठ्ठीत साधी एटिझोलाम, दुसऱ्याच्या चिठ्ठीत जोडीची, आणि रोज दुप्पट पोटात. नावं वेगळी, त्यामुळे घरात पत्ताही लागत नाही. सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून फार्मसीत घेऊन या. शुक्रवार सोडून आलात तर सवडीने बघता येतं.

ताकदीचा हिशेब मात्र नीट समजून घ्या. पॅरासिटामोल ५०० मिलिग्रॅमची आपण सहज गिळतो, मग ही अर्ध्या मिलिग्रॅमची काय करणार, असा सरळ प्रश्न मला कितीदा विचारला जातो. दोन वेगळ्या औषधांचे मिलिग्रॅम एकमेकांशी ताडून बघायचे नसतात. साधारण १ मिलिग्रॅम एटिझोलाम ही १० मिलिग्रॅम डायझेपामच्या बरोबरीची धरतात. डायझेपाम ही झोपेची जुनी गोळी लोकांच्या चांगली ओळखीची, तिचं नाव काढलं की चेहरे गंभीर होतात. एटिझोलाम मूळ जपानची, १९८० च्या दशकात तिथे बाजारात आली. तिथल्या माहितीपत्रकात वयस्कांना दिवसाला १.५ मिलिग्रॅमच्या वर देऊ नये असं लिहिलेलं असतं. तुमची मात्रा ठरवायची ती डॉक्टरांनीच. हा आकडा एवढ्यासाठी सांगितला की, झोप येत नाही म्हणून आजोबांना स्वतःच्या मनाने 'आणखी अर्धी' देताना हात थांबावा.

गोळी तासाभरात चढते आणि तशी लवकर उतरते. साडेतीन तासांच्या आसपास तिचं रक्तातलं प्रमाण निम्मं होतं. शरीरात तिचं रूपांतर होऊन जो पदार्थ बनतो तोही काम करतो आणि तो जास्त वेळ टिकतो. म्हणून रात्री घेतलेल्या गोळीचा अंमल सकाळी स्कूटर काढताना शिल्लक असू शकतो. वयस्कांना रात्री बाथरूमला एकट्याने उठू देऊ नका, तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. गोळी घेतल्यानंतर बोललेलं सकाळी आठवत नाही, असंही होतं. पापण्या आपोआप मिटायला लागल्या, डोळे उघडे ठेवणं कठीण झालं, तर तो 'डोळ्यांचा ताण' समजून थेंब घालत बसू नका. जास्त दिवस घेणाऱ्यांमध्ये असा त्रास नोंदलेला आहे, डॉक्टरांना सांगा. घोरताना श्वास अडकणारे, काचबिंदूवाले, गरोदर बाई, यांनी चिठ्ठी लिहिली जात असतानाच हे बोलायचं.

दारूचं आता सरळच बोलते, कारण गोव्यात ते टाळून चालत नाही. एप्रिलमध्ये हुर्राक, म्हणजे काजूची दारू, निघतं आणि "एकच ग्लास, लिंबू नि लिमका घालून" असं सांगणारे काउंटरवर येतात. हा ग्लास आणि ही गोळी एकाच संध्याकाळी नको. दोन्ही श्वास मंदावतात. ट्रामाडोलसारख्या दुखण्यावरच्या गोळीशीही तोच धोका. पावसाळ्यात आणखी एक गंमत असते, म्हणजे गंमत कसली! ओल्या कपड्यांनी जांघेत गजकर्ण होतं, त्यावर इट्राकोनाझोल ही बुरशीवरची गोळी लिहून मिळते, आणि ती यकृतात एटिझोलामचा निचरा अडवते. गोळी तेवढीच, पण अंमल वाढलेला. त्वचेच्या डॉक्टरांना झोपेची गोळी सांगायची असते हे कुणाच्या डोक्यात येत नाही. माणूस हाक मारून उठेना, श्वास संथ वाटला, तर कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा आणि पट्टी सोबत द्या.

बंद करायची असेल तर एकदम नाही. काही आठवडे रोज घेतलेली गोळी अचानक सोडली तर झोप उडते, हात थरथरतात, क्वचित फिट येते. लोकांना वाटतं मूळ दुखणं परतलं, आणि गोळी पुन्हा सुरू होते. डॉक्टरांकडून उतरती मात्रा लिहून घ्या. सरकारी मदत हवी तर बांबोळीला मनोविकार संस्था आहे, तिथे जायला लाजू नका.

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे ही नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवरच मिळते. डॉक्टरांनी तसं लिहिलेलं नसेल तर एका चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा औषध देता येत नाही. तेव्हा फार्मासिस्टने नाही म्हटलं तर रागावू नका. पट्टीबाहेरची सुटी गोळी कुणी देत असेल, मग ती किनाऱ्यावरच्या पार्टीत असो की शेजाऱ्याच्या डबीतून, घेऊ नका. स्कॉटलंडमध्ये डायझेपाम म्हणून विकल्या गेलेल्या नकली गोळ्यांत एटिझोलाम निघाली आणि त्यात माणसं गेली.

तारवट्यांच्या, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांच्या, घरच्यांनी पुढचं लक्ष देऊन वाचावं. जी गोळी म्हापशात कायदेशीर, ती दुसऱ्या बंदरात गुन्हा ठरू शकते. ब्रिटनने २०१७ मध्ये ती बंदी असलेल्या अमली पदार्थांच्या 'क' वर्गात टाकली. मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांवरच्या संयुक्त राष्ट्रांच्या १९७१ च्या करारातल्या चौथ्या अनुसूचीत ती २०२० मध्ये गेली. अमेरिकेत ती औषध म्हणून कधी मंजूरच झाली नाही, आणि जुलै २०२३ मध्ये तात्पुरत्या आदेशाने तिला पहिल्या अनुसूचीत, हेरॉइनच्या रांगेत, बसवलं. मायामीला लागणाऱ्या क्रूझवर काम करणाऱ्या मुलाच्या बॅगेत आईने मायेने भरलेली पट्टी तिथे काय ठरेल, याचा विचार करा. गोव्यातल्या डॉक्टरची चिठ्ठी तिथे ढाल होत नाही. अमिरातीत नियंत्रित औषध नेण्याआधी तिथल्या सरकारची परवानगी घ्यावी लागते. म्हणून जॉइनिंगची तारीख कळली की लगेच डॉक्टरांना गाठा आणि बोटीवर चालेल असा दुसरा उपाय मागा. गोळी उतरवायला आठवडे लागतात, विमानाच्या आदल्या दिवशी येऊन उपयोग नाही. वैद्यकीय तपासणीच्या फॉर्मवर आधी घेतलेली औषधंही लिहा. घरी उरलेली पट्टी पुढच्या सुट्टीसाठी ठेवू नका, फार्मसीत आणून द्या किंवा विचारून टाकून द्या. कपाटात राहिली तर ती आजी घेते.