पार्ट्रिजचे पीस गळापेक्षा मोठे असेल तर

‘पार्ट्रिज अँड ऑरेंज’ ही मासेमारीसाठी गळावर पीस व रेशमाने बांधायची, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरची जुनी नकली माशी. ती १६ नंबरच्या बारीक गळावर बांधताना पार्ट्रिजचे (तित्तिराच्या जातीच्या पक्ष्याचे) पीस बहुधा फार लांब पडते. अशा वेळी पीस गळाभोवती गुंडाळू नये. त्याचे दहा-बारा तंतू टोके जुळवून कापावेत, टोके गळाच्या नाक्यापुढे (दोरी ओवायच्या छिद्रापुढे) दांडीच्या, म्हणजे गळाच्या सरळ भागाच्या, लांबीइतकी राहतील अशा बेताने ते दांडीवर ठेवावेत आणि नारिंगी रेशमाचे दोन सैल वेढे देऊन, बोटाने दांडीभोवती सारखे पसरवल्यावरच दोरा आवळावा. मागचे बुडखे छाटून रेशमाचे अंग बाकापर्यंत नेऊन परत आणावे, तंतू मागे वळवावेत आणि त्यांच्यापुढे दोन-तीन वेढे देऊन गाठ मारावी. तंतू विरळच हवेत. लांबी कमी करण्यासाठी टोके मात्र कात्रीने छाटू नयेत, कारण त्यांचा निमुळतेपणा गेला की पाण्यातली हालचालही जाते.