कोकणचा घरगुती माल ऑनलाइन कसा विकावा: वेबसाइटच्या आधीची आणि नंतरची कामं

मे महिन्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कुठल्याही वाडीत गेलात तर खळ्यात आमसुलं वाळत असतात आणि पडवीत आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारट रसाच्या, बाटल्या भरून ठेवलेल्या असतात. हा माल आजवर चाकरमान्यांच्या पिशव्यांतून, लक्झरीच्या डिकीतून आणि एसटीच्या पार्सलातून मुंबईला गेला. आता तेच गिऱ्हाईक फोन करून विचारतं, "पाठवाल का?" त्याला "हो" म्हणायचं असेल तर काय काय तयारी लागते, ते इथे क्रमाने सांगतो.

क्रम महत्त्वाचा आहे. बरेच जण सुरुवातच वेबसाइटने करतात. कुणाकडून तरी पैसे देऊन साइट बनवून घेतात, आणि पहिली ऑर्डर आली की कळतं, मापाचा खोका नाही, लेबल अर्धवट आहे, टपालखर्चाचा अंदाज नाही. माझं मत ठाम आहे: साइट ही नंतरची पायरी. आधी माल नीट पोचला पाहिजे.

आधी चार वस्तू निवडा

घरात वीस प्रकार होत असले तरी चारच घ्या. आमसुलं, मालवणी मसाला, काजूगर, फणसपोळी यांना प्रवास सोसतो. आगळ पाठवायला अवघड, पण मागणी चांगली. शहरात सोलकढीला ते हवंच असतं. ताजा हापूस यात धरू नका. पेटी, पिकण्याचे दिवस आणि वाटेतली नासाडी यांचं गणित वेगळं असतं, तो स्वतंत्र धंदा आहे.

प्रत्येक वस्तूचं वजन आणि पाकिटाचं माप एकदाच ठरवा. "साधारण पाव किलो" हे घरी चालतं, ऑनलाइन नाही.

कागदपत्रं

खाण्याची वस्तू विकायची तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हवीच, मग ती घरच्या स्वयंपाकघरात बनत असली तरी. अर्ज 'फॉस्कॉस' या सरकारी पोर्टलवर होतो. लहान उत्पादकांसाठी साधी नोंदणी असते आणि तिचं शुल्क किरकोळ आहे. मिळणारा १४ अंकी क्रमांक प्रत्येक पाकिटावर छापायचा.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंद, १ जुलै २०२० पासून सुरू झाली. ती आधारवर होते आणि पूर्ण मोफत आहे. सरकारी पोर्टलसारख्या दिसणाऱ्या खाजगी साइट यासाठी पैसे मागतात, तिथे देऊ नका.

जीएसटीबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. महाराष्ट्रात मालविक्रीची वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही, हे खरं. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा असेल तर ही सवलत गळून पडते आणि उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी घ्यावी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना यात सूट आहे, मसाल्याला नाही. मोठ्या ऑनलाइन बाजारांवर पूर्वी जीएसटीशिवाय विकताच येत नसे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला आपल्याच राज्यापुरतं तिथे विकता येतं. त्यासाठी जीएसटी पोर्टलवरून वेगळा नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. तेव्हा पहिलं वर्ष मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर इतकंच ठेवायला काही हरकत नाही. बंगळुरूच्या, बडोद्याच्या मराठी घरांतून विचारणा वाढली की कर सल्लागाराला गाठा.

लेबल

लेबलावर काय हवं: पदार्थाचं नाव, घटक (जास्त प्रमाणात असलेला आधी), निव्वळ वजन, बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, तारीख, किती दिवसांत वापरावं, बॅच क्रमांक (एका वेळी बनवलेल्या मालाचा एकच क्रमांक), सर्व करांसह कमाल किंमत, एका ग्रॅममागे किंवा मिलिलिटरमागे पडणारा दर, तक्रारीसाठी फोन, शाकाहाराचं हिरवं चिन्ह आणि एफएसएसएआय क्रमांक. छपाईला देण्याआधी एकदा जाणकाराकडून तपासून घ्या. हजार लेबलं फेकून देण्यापेक्षा एक फेरी बरी.

पाकिटावर भौगोलिक मानांकनाचं (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या खास मालाला मिळणारी कायदेशीर ओळख) बोधचिन्ह मात्र नुसतं उचलून छापू नका. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळालं, कोकमालाही आहे, वेंगुर्ल्याच्या काजूलाही आहे; पण तो शिक्का वापरायला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःची नोंद करावी लागते. ज्यांना शक्य आहे त्यांनी ती जरूर करावी. भेसळीच्या बाजारात खऱ्या मालाला तेवढाच आधार आहे.

बांधणी: इथे घाई नको

एकदा आगळ गळलं की त्याच खोक्यातली आमसुलं, फणसपोळी, बिल, सगळं लालभडक होऊन गिऱ्हाइकाच्या दारात पोचतं. फोटो काढून तो दहा जणांना पाठवतो.

बाटली भरल्यावर झाकणाखाली सील बसवा, झाकण घट्ट लावा, आणि बाटली रात्रभर वर्तमानपत्रावर आडवी ठेवा. सकाळी कागदावर ठिपका दिसला तर त्या लॉटची झाकणंच बदला. मग बाटली आधी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून घ्या आणि तिच्यावर बबल रॅप गुंडाळा. खोका पाच थरांच्या पुठ्ठ्याचा घ्या, तीन थरांचा ओझ्याखाली दबतो. भरलेला खोका हलवून बघा. आतून आवाज आला तर जागा उरली आहे, ती कागदाने भरा. शेवटची परीक्षा म्हणजे खोका कमरेच्या उंचीवरून लादीवर सोडून बघणं. टपालाच्या प्रवासात यापेक्षा वाईट होऊ शकतं. पहिलं पार्सल मुंबईतल्या नातेवाइकाला पाठवा आणि उघडतानाचा व्हिडिओ मागवा.

पावसाळ्यात वेगळी काळजी घ्यावी लागते. आमसुलांना मीठ असतं, दमट हवेत त्यांना पाणी सुटतं. फणसपोळी चिकट होते. जाड, हवाबंद पाकीट आणि खोक्यावरून प्लास्टिकची कुरिअर पिशवी घातल्याशिवाय जून ते सप्टेंबर काही पाठवू नका.

किंमत कशी काढावी

समजा, आगळाची अर्ध्या लिटरची बाटली घरून १६० रुपयांना जाते. तीच एकटी पाठवायची तर खोका, बबल रॅप, टेप मिळून ३० रुपये आणि टपालखर्च ९० रुपये धरा. गिऱ्हाइकाला २८० पडले. त्याच्या गल्लीतल्या दुकानात काहीतरी कमी किमतीत मिळतं, तो मागवणार नाही. आता दोन बाटल्या, दोन पाकिटं आमसुलं आणि फणसपोळी असा ७०० रुपयांचा संच करा. बांधणीला ४५, टपालाला १५० धरले तरी वरचा खर्च मालाच्या पावपटीपेक्षा थोडा जास्त राहतो. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही घाला. पण निष्कर्ष बहुतेक तोच निघेल: सुटी बाटली विकू नका, संच विका, आणि कमीत कमी ऑर्डरची रक्कम ठरवा.

टपालाची स्पीड पोस्ट गावातूनच होते आणि पोस्ट नाही असा पत्ता क्वचितच सापडतो. खाजगी कुरिअर शहरात चपळ, पण वाडीतून पार्सल उचलायला येईलच असं नाही. कुरिअरवाले आकारमानाचं वजनही धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० ने भागतात. काजूगराच्या हलक्या पण मोठ्या खोक्याला त्यामुळे जास्त पैसे पडतात.

पोचल्यावर पैसे ही सोय सुरुवातीला ठेवू नका. गिऱ्हाइकाने पार्सल घेतलं नाही तर जाण्यायेण्याचा दोन्ही खर्च तुमच्या अंगावर येतो, आणि परत आलेली फणसपोळी पुन्हा विकता येत नाही.

पहिलं दुकान व्हॉट्सअ‍ॅपवर

घरच्या नंबरपेक्षा वेगळा नंबर घ्या आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाका. त्यातल्या कॅटलॉगमध्ये फोटो, वजन आणि किंमत भरा. फोटो सकाळच्या उजेडात, खिडकीजवळ, पांढऱ्या कागदावर काढा. फ्लॅशमध्ये कोकमाचा रंग काळा येतो. मसाल्याचा बंद पाकिटासोबत वाटीतला फोटोही द्या.

वर्णनात काय लिहायचं याला मी फार महत्त्व देतो. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, साखर अजिबात नाही. कोकम सरबताची बाटली वेगळी. हे न लिहिल्यामुळे शहरातला माणूस आगळ ग्लासात ओततो, पाणी घालतो आणि "खारट निघालं" म्हणून तक्रार करतो. "सोलकढीसाठी, एका नारळाच्या दुधाला इतके चमचे" असं स्वतःच्या घरच्या मापाने लिहा. मसाल्याचा तिखटपणा सांगा, कोणत्या मिरच्या आहेत ते सांगा.

एकगठ्ठा पाठवलेला संदेश ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतो, म्हणून प्रत्येक खोक्यात "हा नंबर सेव्ह करा" अशी चिठ्ठी टाका. रोज संदेश पाठवू नका. माल तयार झाला की एक, गणपतीच्या आधी एक, पुरे.

पैसे यूपीआयने घ्या, पण पैसे आल्याचा स्क्रीनशॉट पुरावा मानू नका. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जमा दिसल्यावरच पार्सल हलवा. स्वतःला सैन्यातला अधिकारी म्हणवून मोठी ऑर्डर देणारा आणि "आगाऊ रक्कम पाठवतो, हा कोड स्कॅन करा" म्हणणारा हमखास ठग असतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. घरातल्या प्रत्येकाला हे पाठ हवं.

आता वेबसाइट

तेच प्रश्न, तेच भाव रोज टाइप करून हात दुखायला लागले की साइटची वेळ झाली. शॉपिफायसारख्या तयार ऑनलाइन दुकान देणाऱ्या सेवेत दरमहा भाडं असतं आणि बाकीची डोकेदुखी कमी. वर्डप्रेसवर बनवलेल्या साइटला दुकान जोडणारं वूकॉमर्स मोफत आहे, पण होस्टिंगचा (साइट इंटरनेटवर ठेवण्याच्या जागेचा) खर्च आणि देखभाल तुमच्याकडे येते. घरात कुणी जाणकार नसेल तर पहिला मार्ग बरा.

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलने घ्या. साइट बनवणाऱ्याने तो आपल्या नावावर घेतला आणि पुढे वाद झाला, तर लेबलावर छापलेला पत्ताच हातातून जातो. पासवर्ड वहीत, नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर.

पानं थोडीच ठेवा: वस्तू, आमच्याबद्दल, पाठवणी, परतावा, गोपनीयता, संपर्क. पेमेंट गेटवे (साइटवर ऑनलाइन पैसे घेण्याची सेवा) सुरू करताना यातली धोरणाची पानं तपासली जातात, म्हणून ती आधी लिहून काढा. मजकूर मराठीत असू द्या, सोबत इंग्रजीही. शिवाय गिऱ्हाईक शोधताना जी नावं टाइप करतं ती सगळी वर्णनात आली पाहिजेत, आमसूलही आणि कोकमही. फोटो हलके करून टाका आणि साइट स्वस्तातल्या मोबाइलवर उघडून बघा. हंगाम संपला की "शिल्लक नाही" लगेच लावा.

गूगलवरच्या व्यवसाय प्रोफाइलचा फायदा घरी किंवा दुकानात गिऱ्हाईक येत असेल तर आहे. निव्वळ ऑनलाइन विक्रीला ते मिळत नाही.

मोठे बाजार

अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्टवर गर्दी आहे, पण कमिशन, पाठवणी आणि परतावा वजा जाता हातात काय उरतं ते कागदावर मांडा. ओएनडीसी या सरकारी पुढाकाराच्या खुल्या ऑनलाइन व्यापार जाळ्यात एका विक्रेता अ‍ॅपवर नोंद केली की अनेक खरेदी अ‍ॅपवर माल दिसू शकतो. बचत गटांनी त्यांच्या मालासाठीचं केंद्र सरकारचं ऑनलाइन दुकान 'ई-सरस' बघावं आणि मुंबईतलं महालक्ष्मी सरस प्रदर्शनही सोडू नये. तिथे चव घेतलेलं गिऱ्हाईक वर्षभर ऑनलाइन मागवतं. मोठ्या बाजारावरचं गिऱ्हाईक मात्र त्या बाजाराचंच राहतं, त्याचा नंबर तुमच्या वहीत येत नाही. म्हणून माझ्या मते चार वस्तूंपैकी एकच तिथे ठेवावी.

तक्रार आली तर

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारणासाठी जबाबदार व्यक्तीचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करावं लागतं. घरगुती धंद्यात हे त्याच दिवशी व्हायला हवं. फुटलेल्या बाटलीचा फोटो मागा, वाद न घालता दुसरी पाठवा.

चव बिघडल्याची, बुरशी दिसल्याची तक्रार असेल तर आधी बॅच क्रमांक विचारा. त्या दिवशी भरलेल्या बाकीच्या बाटल्या कुणाकुणाकडे गेल्या ते वहीत शोधा आणि त्यांनी विचारण्याआधी तुम्ही फोन करा.